पुठ्ठ्याचं टारगेट घरी बनवताना: क्रम, मापं आणि नेहमीच्या चुका

घरी टारगेट बनवणारे बहुतेक जण पुठ्ठ्याचे तुकडे पुस्तकाच्या पानांसारखे एकामागे एक लावतात, सपाट बाजू समोर करतात, वर रंगीत कागद चिकटवतात आणि पहिल्या संध्याकाळी खूश असतात. आठवडाभरात मधोमध भगदाड पडतं आणि बाण मागच्या भिंतीवर आपटायला लागतात. मग कुणी सांगतं पोत्यात वाळू भर, कुणी म्हणतं थर्माकोल लाव. वाळूत बाण थांबतो, पण दांड्यावर ओरखडे उठतात, टोक सैल होतं आणि एखादा दगड लागला की बाण कामातून जातो. थर्माकोल घर्षणाच्या उष्णतेने वितळून बाणाला चिकटतो आणि अंगणभर पांढरे मणी उडतात ते वेगळेच.

बाण घर्षणाने थांबवायचा असतो. पुठ्ठ्याच्या पट्ट्या आडव्या रचून त्यांच्या कडा समोर आणल्या आणि वरून घट्ट आवळल्या, की बाण दोन थरांच्या मधून शिरतो आणि ते थर त्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. पुठ्ठा फारसा फाटत नाही, बाजूला सरतो. बाण काढला की फट बरीचशी मिटते. पुढचं सगळं काम हा दाब मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी आहे.

## आधी धनुष्य बघा

इथली मापं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) किंवा बांबूच्या धनुष्यासाठी आहेत: ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, ३० पाउंडांपर्यंत, अंतर १० ते १५ मीटर. त्यासाठी टारगेटची जाडी, म्हणजे समोरून मागेपर्यंतची खोली, ३० सेंटीमीटर धरा. ओढ ३० ते ४० पाउंड असेल तर ४० सेंटीमीटर.

कंपाउंडसाठी (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) हे करू नका. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंडमध्येच वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं, तेव्हापासून आपल्याकडे थेट कंपाउंड घ्यायची हौस वाढलेली दिसते. पण या प्रकारात स्पर्धेतसुद्धा ६० पाउंडांपर्यंत ओढ चालते. त्या जोराला दाट फोमचं तयार बट्रेसच (बाण रोखणारा ठोकळा) हवं. तिथे पैसे वाचवायला जाऊ नये.

बाणाचं टोक साधं टारगेट पॉइंटच, म्हणजे पातं नसलेलं, हवं. पात्याचं टोक थर कापत जातं आणि बाहेर काढताना हातही कापतं.

## टप्पा १: जागा

पुण्यात खरी अडचण इथेच आहे. धायरी-वाघोलीकडचा प्लॉट किंवा सहकारनगर-कोथरूडमधल्या जुन्या बंगल्याचं मागचं अंगण असेल तर जमतं. सोसायटीची गच्ची, पार्किंग, दोन इमारतींमधली गल्ली यांपैकी कुठेही जमत नाही, मग चेअरमननी परवानगी दिलेली असो वा नसो. गच्चीवरून चुकलेला बाण कुठे उतरेल हे कुणालाच सांगता येत नाही.

टारगेटच्या मागे पूर्ण उंचीची पक्की भिंत हवी, तिच्यात खिडकी किंवा दार नको. नेम धरायच्या रेषेपासून टारगेटपर्यंतच्या पट्ट्यात कुठलंही दार उघडत नसावं. स्वयंपाकघराचं मागचं दार हमखास विसरलं जातं: कामवाल्या मावशी भांडी घेऊन बाहेर येतात, सिलिंडरवाला बाजूच्या बोळातून येतो. सराव सुरू करण्याआधी त्या दाराला आतून कडी घाला आणि फाटकही लावून घ्या.

उभं राहायची रेघ फरशीवर ऑइलपेंटने ओढा. रांगोळीची रेघ पुसली जाते आणि मग प्रत्येक जण सोयीने एक पाऊल पुढे सरकतो.

तपासा: रेघेवर उभं राहून टारगेटच्या जागेकडे बघा. डावीकडे, उजवीकडे आणि वर, टारगेटच्या निदान दुप्पट रुंदीत माणूस येऊ शकेल अशी एकही जागा दिसायला नको. दिसली तर इथेच थांबा, पुठ्ठा आणूच नका. शेजारच्यांनाही आधी सांगून ठेवा. भिंतीपलीकडून चेंडू आणायला चढणारी पोरं ही काही कल्पनेतली गोष्ट नाही.

## टप्पा २: मागचा पडदा

हा टप्पा लोक शेवटी करतात, किंवा करतच नाहीत. सुरुवातीचे दिवस बाण टारगेटच्या बाहेर जाण्याचेच असतात. नुसती भिंत असेल तर बाण तुटतो, नाहीतर उसळून परत येतो.

जाड जुनं जाजम, सतरंजी किंवा दोन गोधड्या एकत्र शिवून टारगेटच्या मागे साधारण १ मीटरवर आडव्या बांबूला टांगा. पडदा टारगेटच्या तिप्पट रुंद आणि जमिनीला टेकेल इतका लांब असावा. खालची कड सैल सोडा. सैल कापड बाणाबरोबर मागे जातं, त्याचा जोर खातं आणि बाण खाली पडतो. तेच कापड चारी बाजूंनी ताणून बांधलं की बाण सरळ आरपार.

इशारा: बागेत लावतात ती हिरवी शेडनेट बाण अडवत नाही. जाळी आहे म्हणजे अडेल, असं वाटून बरेच जण तीच लावतात.

## टप्पा ३: सामान

६० सेंटीमीटर रुंद, ६० उंच आणि ३० खोल अशा टारगेटला पंधरा ते वीस किलो पुठ्ठा लागतो. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि टीव्हीचे खोके चांगले, कारण ते पाच-प्लायचे (कागदाच्या पाच थरांचे) असतात आणि मोठे सलग तुकडे निघतात. रद्दीवाल्याकडे थेट जा आणि तो ज्या भावाने घेतो त्यापेक्षा किलोमागे चार-पाच रुपये जास्त देऊ करा. मग तो मागचा ढीग उपसून निवडू देतो. ओला होऊन वाळलेला पुठ्ठा घेऊ नका. तो हाताला मऊ लागतो, दुमडला की आवाज करत नाही आणि दाबला की बसतो तो परत उठत नाही.

बाकीचं सामान:

- १८ मिलिमीटर प्लायच्या ७५ × ३० सेंटीमीटरच्या चार फळ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये उरलेल्या तुकड्यांत मिळून जातात.
- ट्रकवरचा माल आवळतात ते ५ मीटरचे दोन रॅचेट बेल्ट. नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत विचारा.
- कटर, जास्तीची पाती आणि स्टीलची पट्टी.
- जुन्या पायपुसण्याचं किंवा सायकलच्या टायरचं रबर.

बेल्टमध्ये काटकसर करू नका. सुतळीने किंवा नायलॉनच्या दोरीने हाताने कितीही आवळलं तरी लागतो तेवढा दाब येत नाही, आणि आला तरी दुसऱ्या दिवशी उतरलेला असतो. या सगळ्यात जास्त पैसे बेल्ट आणि प्लायलाच जातात, आणि तेच पुढच्या दोन-तीन पुठ्ठ्यांच्या भरतीला पुरतात.

## टप्पा ४: कापणी

कापायच्या आधी खोक्यांवरच्या सगळ्या पिना काढा. खोक्याच्या सांध्यावर तांबूस रंगाच्या जाड पिनांची ओळ असते. ती पक्कडीने एकेक करून उपटावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण एक पिन आत राहिली तर कार्बनच्या बाणावर लांब ओरखडा उठतो, आणि ओरखड्यातूनच पुढे चीर जाते. चिकटपट्टीही सोलून काढा, तिचा गोंद बाणाला लागतो.

प्लायचा एक तुकडा ६० × ३० सेंटीमीटरचा बरोबर कापून साचा म्हणून वापरा. प्रत्येक पट्टी त्याच साच्यावर कापा, आधीच्या पट्टीवर ठेवून कापत गेलात तर पन्नासाव्या पट्टीपर्यंत माप दोन सेंटीमीटरने सरकलेलं असतं. खाली जुना प्लाय ठेवा, नाहीतर फरशीवर कटरच्या रेघा कायमच्या राहतात. पातं बोथट झालं की पुठ्ठा कापला न जाता चेंगरतो. पातं बदलायला कुरकुर करू नका.

पाच-प्लायची एक पट्टी साधारण ६ मिलिमीटर जाड असते. न दाबलेला ढीग ७० सेंटीमीटर उंच व्हायला हवा, म्हणजे ११५ ते १२० पट्ट्या झाल्या. तीन-प्लाय असेल तर याच्या जवळपास दुप्पट. पूर्ण मापाचे तुकडे कमी पडले तर ३० सेंटीमीटरचे दोन तुकडे शेजारी शेजारी चालतात, फक्त वरच्या आणि खालच्या थरांतले सांधे एका रेषेत येऊ देऊ नका.

तपासा: ढिगाची उंची मोजा. ७० सेंटीमीटर भरत नसेल तर आणखी पुठ्ठा आणा. “आहे तेवढ्यात भागवू” हे इथे चालत नाही, कारण दाबायला काही उरतच नाही.

## टप्पा ५: रचणं आणि आवळणं

दोन-दोन फळ्या स्क्रूने जोडून दोन जाड फळ्या करा. एकच १८ मिलिमीटरची फळी बेल्टच्या ताणाने दोन टोकांना वाकते आणि नेमका मधला भाग ढिला राहतो. बाण तर मधेच जास्त लागतात.

खालची फळी जमिनीवर, तिच्यावर पट्ट्या, वर दुसरी फळी. फळ्या ७५ सेंटीमीटरच्या आणि पट्ट्या ६० च्या, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसात सेंटीमीटर फळी बाहेर राहील. बेल्ट याच बाहेरच्या टोकांवरून जातील: वरच्या फळीवरून, एका बाजूने खाली, खालच्या फळीखालून, दुसऱ्या बाजूने वर. एक बेल्ट समोरच्या कडेपासून आठ सेंटीमीटर आत, दुसरा मागच्या कडेपासून तेवढाच आत. असं केलं की समोरच्या तोंडावर बेल्ट येत नाही. बरेच जण बेल्ट पुढून-मागून फिरवतात आणि दोन-चार दिवसांत बाणानेच तो कापला जातो.

समोरच्या सगळ्या कडा एका पातळीत आणा. रचताना समोर एक सरळ फळी उभी धरली की पट्ट्या तिला टेकवत जाता येतं. मागची बाजू थोडी कमी-जास्त असली तरी चालते.

आता दोघांनी, वजनदार असतील तर उत्तम, वरच्या फळीवर उभं राहायचं आणि तिसऱ्याने बेल्ट आवळायचे. आधी एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका. एकाचे तीन-चार खटके, मग दुसऱ्याचे तीन-चार. फळ्या एकमेकींना समांतर खाली यायला हव्यात. ७० चा ढीग ६० वर आला की थांबा. रॅचेट बाजूला किंवा वर राहील असं बघा, समोर नको.

रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पुठ्ठा बसलेला असतो आणि बेल्ट थोडे सैल झालेले असतात. पुन्हा आवळा. हे दुसऱ्या दिवशीचं आवळणं टाळलं की टारगेट पहिल्या दिवशी छान आणि आठव्या दिवशी ढिलं, ही तक्रार येते.

तपासा: समोरून दोन थरांमध्ये बोटाचं टोक घालून बघा. जायला नको. मग बारीक स्क्रूड्रायव्हर घालून बघा. जोर लावल्यावर जायला हवा. तोही जात नसेल तर फार आवळलंय, चार खटके सोडा. अति घट्ट टारगेटमधून बाण उसळतो किंवा काढताना मोडतो.

इशारा: पट्ट्यांना फेव्हिकॉल लावू नका. सगळा ठोकळा एकजीव आणि टणक होतो, थर बाजूला सरकत नाहीत, आणि पुढे खराब पट्ट्या बदलता येत नाहीत.

## टप्पा ६: स्टँड आणि उंची

स्पर्धेत फेसचं, म्हणजे रंगीत वर्तुळांच्या कागदाचं, केंद्र जमिनीपासून १३० सेंटीमीटरवर असतं. घरीही तेच ठेवा, नाहीतर खांद्याला वेगळीच सवय लागते. म्हणजे ६० सेंटीमीटर उंचीच्या टारगेटचा तळ साधारण एक मीटरवर येतो. फळ्यांसकट याचं वजन पंचवीस-तीस किलो होतं, तेव्हा डगमगणारं टेबल किंवा प्लास्टिकचं स्टूल नको. लोखंडी अँगलचं स्टँड किंवा २ × ३ इंची लाकडाची चौकट करा आणि टारगेट वरून मागच्या बाजूला दोरीने बांधून ठेवा. मुलं बाण ओढताना टारगेट पुढे येतं, हे गृहीतच धरा.

मैदानावरचं बट्रेस मागे १० ते १५ अंश कललेलं असतं. ते बघून घरचंही कलतं ठेवतात, आणि इथे गडबड होते. दहा मीटरवर बाण जवळजवळ आडवाच येतो. टारगेट कललं की थरही तिरपे होतात आणि बाण थरांच्या मधून न जाता त्यांना कापत जातो. आडव्या थरांचं टारगेट कमी अंतरावर सरळ उभंच ठेवा.

स्टँडचे समोर येणारे पाय आणि दोन्ही फळ्यांच्या पुढच्या कडा रबराने झाका. लाकडात रुतलेला बाण काढताना बहुतेक वेळा टोक आतच राहतं.

## टप्पा ७: पहिले बाण

फेस अजून लावायचा नाही. एक जुना बाण घ्या, ५ मीटरवर उभे राहा आणि मधोमध सोडा. जवळून बाणाचा वेग सर्वांत जास्त असतो, त्यामुळे इथे थांबला तर १० मीटरवर थांबतोच. ५ मीटरपेक्षा जवळ जाऊ नका, उसळलेला बाण चुकवायला वेळ मिळत नाही.

बाण किती आत गेला ते मोजा. ३० सेंटीमीटर खोलीत १५ ते २० सेंटीमीटर गेला तर काम झालं. २५ च्या पुढे गेला तर बेल्ट आणखी आवळा. आवळायला जागा नसेल तर वरची फळी काढून दहा पट्ट्या वाढवा. ८ सेंटीमीटरही न शिरता लोंबकळत राहिला तर थोडं सैल करा. चारही कोपऱ्यांत आणि मधे एकेक बाण मारून बघितल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नका, कारण कोपरे आणि मध्य यांचा दाब सारखा असेलच असं नाही.

## टप्पा ८: फेस

स्पर्धेतला ४० सेंटीमीटरचा फेस १८ मीटरसाठी असतो. तोच १० मीटरवर लावला की सगळे बाण पिवळ्यात आणि मनात भलतेच मांडे. अंतराच्या प्रमाणात १० मीटरला २२ सेंटीमीटरचा फेस येतो, म्हणजे दहा वर्तुळं आणि प्रत्येक पट्टा १.१ सेंटीमीटरचा. ७० मीटरच्या १२२ सेंटीमीटरच्या फेसचा हिशेब १० मीटरला केला तर साडेसतरा सेंटीमीटर येतो. बाहेरून आत रंग पांढरा, काळा, निळा, लाल, पिवळा, प्रत्येकाचे दोन पट्टे. साध्या कागदावर कंपासने काढून रंगवा आणि झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रती काढून आणा.

एकच फेस मधोमध लावण्यापेक्षा चार छोटे चार कोपऱ्यांत लावा आणि आळीपाळीने मारा. टारगेट कितीतरी जास्त टिकतं. फेस अडकवायला खिळे किंवा टाचण्या नकोत, बांबूच्या बारीक काड्या टोचा.

फ्लेक्सवर फेस छापून घेऊ नका. फ्लेक्स बाणाबरोबर आत ओढला जातो. चौकाचौकांतले वाढदिवसाचे फ्लेक्स उतरल्यावर पावसात टारगेट झाकायला मात्र उत्तम, फक्त भाऊंचा चेहरा आतल्या बाजूला ठेवा.

## पुठ्ठा मिळत नसेल तर: चिंध्यांचं पोतं

२५ पाउंडांपर्यंतच्या धनुष्याला हे पुरतं. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून जाड बारदान आणा आणि जुने कपडे व शिंप्याकडचं कातरण भरा. भरण्याआधी प्रत्येक कपडा हाताखालून जायला हवा: पँटची चेन, जीन्सची धातूची बटणं, शर्टाची बटणं, आणि सगळ्यात फसवे ब्लाऊजचे हूक. इतके बारीक की दिसत नाहीत, पण बाणाला बरोबर सापडतात. बटणपट्टी कात्रीने सरळ कापूनच टाका.

नुसत्या सिंथेटिक साड्या भरू नका, बाण त्यांतून घसरत पुढे जातो. सुती चादरी, टॉवेल, बनियन जास्त हवेत. आधी खालचे दोन कोपरे मुठीने ठासून भरा, मग थरावर थर, प्रत्येक थर पायाने दाबून. तोंड दाभण आणि सुतळीने शिवा. ६० × ६० सेंटीमीटरचं पोतं नीट भरलं तर वीस किलोच्या पुढे जातं. उचलताना हलकं वाटलं तर भरणी कमी आहे.

पोत्यातला माल हळूहळू खाली बसतो आणि वरचा चतकोर भाग पोकळ होतो. बाण तिथूनच आरपार जातात. दर दोन-तीन आठवड्यांनी तोंड उसवून वर भर घाला. जुनी कापसाची गादी दुमडून लावणाऱ्यांचंही हेच होतं: गोळे झालेला कापूस आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा.

## बाण काढणं, निगा आणि पावसाळा

सगळ्यांचे बाण मारून झाल्यावर, धनुष्यं खाली ठेवल्यावरच पुढे जायचं. एका वेळी एकानेच बाण काढायचे आणि त्याच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. बाण एकदम सुटतो आणि नॉक (दोरीत बसणारं बाणाचं मागचं टोक) मागच्याच्या डोळ्यात जातो. एका हाताचा तळवा टारगेटवर टेकवा, दुसऱ्या हाताने बाण टारगेटच्या अगदी जवळ धरा आणि सरळ रेषेत ओढा. पिसांकडून धरून वर-खाली हलवत काढलेला बाण वाकतो. हात घसरत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पकडा. फार चिकटत असेल तर बाणाच्या पुढच्या भागावर कोरडा साबण घासा.

प्रत्येक बाण काढला की टोक जागेवर आहे का बघा. नसेल तर ते टारगेटमध्येच आहे. शोधून काढल्याशिवाय त्या जागी पुढचा बाण मारायचा नाही. कार्बनचा बाण दोन्ही हातांत धरून कानाजवळ हलका वाकवा. करकर आवाज आला तर तो बाण बाद, कितीही महागाचा असला तरी.

बेल्ट दर आठवड्याला तपासा. मध्य मऊ पडायला लागला की बेल्ट सोडून मधल्या पट्ट्या वर-खाली टाका आणि कडेच्या मधे आणा. पुढची-मागची बाजू बदलली तरी चालतं.

जूनच्या पहिल्या सरीआधी टारगेट आत घ्या. पुठ्ठा एकदा भिजला की संपला, वाळवून परत येत नाही. शेडमध्ये ठेवणार असाल तर जमिनीवर टेकवू नका, चार विटांवर ठेवा आणि भिंतीपासून हातभर लांब. वाळवीला पुठ्ठ्यासारखं दुसरं खाद्य नाही आणि ती खालूनच येते, म्हणून महिन्यातून एकदा तळाची फळी उचलून बघा. वरून झाका, पण प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत बुरशी धरते. चिंध्यांच्या पोत्यात उंदीर घर करतात. ते टांगलेलं बरं.

पट्ट्यांचा चुरा पडायला लागला आणि आवळूनही बाण २५ सेंटीमीटरच्या पुढे जायला लागला की भरती बदलायची वेळ झाली. बेल्ट आणि फळ्या ठेवून घ्या. पुठ्ठा रद्दीवाल्याला परत देण्याआधी प्रत्येक गठ्ठा लोहचुंबकाने चाचपा. आत राहिलेली स्टीलची टोकं निघतात, आणि पुढे पुठ्ठा हाताने निवडणाऱ्याच्या बोटात ती घुसत नाहीत.